‘दधि’ आणि ‘दही’ : उगम, लिंग आणि रूपं – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेत हिंदी आणि संस्कृत दोन्ही विषय घेतलेली मुलं, त्यांचे पालक आणि हिंदी भाषक शेजाऱ्यांशी वाद घालून आलेले लोक या एका शब्दाबद्दल जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. प्रश्नांचा क्रम पाठ्यपुस्तकातला नाही. जास्त विचारले जाणारे आधी घेतले आहेत.

हिंदीत ‘दही खट्टा है’ बरोबर की ‘दही खट्टी है’?

प्रमाण हिंदीत ‘दही’ पुल्लिंगी आहे. दही खट्टा है, दही जम गया, ताज़ा दही लाओ. परीक्षेत हेच लिहा.

पण ‘दही खट्टी है’ म्हणणारा माणूस अडाणी आहे, असं समजू नका. बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशात ‘दही’ सर्रास स्त्रीलिंगी बोललं जातं, शिकलेल्या घरांतही. तिथल्या माणसाच्या कानाला ‘खट्टा दही’च विचित्र वाटतं. ‘दही खट्टा या खट्टी’ हा वाद हिंदी पट्ट्यात विनोदाचा विषय झाला आहे आणि तो मिटण्याची काही चिन्हं नाहीत.

आपल्याकडे असा वाद होत नाही, कारण आपली विशेषणं गप्प बसतात. आंबट, घट्ट, गोड, पातळ ही तिन्ही लिंगांत तशीच राहतात. आंबट आंबा, आंबट चिंच, आंबट दही. लिंग कळायला ‘चांगलं दही’ किंवा ‘दही लागलं’ असं काही तरी म्हणावं लागतं. हिंदीत मात्र खट्टा, मीठा, ताज़ा, गाढ़ा अशी दह्याला लागणारी जवळजवळ सगळीच विशेषणं लिंगाप्रमाणे बदलतात. त्यामुळे तोंड उघडलं की माणूस कुठला ते कळतं.

पण हिंदीत ई-कारान्त शब्द स्त्रीलिंगी असतात ना?

बहुतेक असतात : रोटी, टोपी, नदी, चिट्ठी. कामताप्रसाद गुरू यांच्या हिंदी व्याकरणात हा नियम देऊन लगेच अपवादही दिले आहेत. पानी, घी, जी, मोती, दही. पाठ करायला यादी सोपी आहे, पण ती तशी का झाली हे एकदा कळलं तर पाठ करावीच लागत नाही.

या शब्दांचे पूर्वज पाहा. पानी हे ‘पानीय’पासून, घी हे ‘घृत’पासून, मोती हे ‘मौक्तिक’पासून आणि दही हे ‘दधि’पासून. चारही संस्कृतात नपुंसकलिंगी. जी हे ‘जीव’चं रूप आणि हाथी हे ‘हस्तिन्’चं, दोन्ही पुल्लिंगी. रोटी-टोपीच्या शेवटी जी ‘ई’ आहे ती स्त्रीलिंगाची खूण आहे. दही-पानीच्या शेवटची ‘ई’ मात्र मूळ शब्द झिजून उरलेला अवशेष आहे, तिचा लिंगाशी संबंध नाही. हिंदीतून नपुंसकलिंग गेलं तेव्हा त्यातले बरेच शब्द पुल्लिंगात जमा झाले, त्यात दहीही गेलं. पूर्वेकडच्या लोकांनी शेवट पाहून त्याला स्त्रीलिंगाच्या रांगेत बसवलं, एवढाच फरक.

शेवट पाहू नका, वंश पाहा, असं मी मुलांना सांगतो. पण वंशही दर वेळी पावत नाही. ‘अक्षि’ नपुंसकलिंगी, त्यापासून झालेली हिंदी ‘आँख’ स्त्रीलिंगी. ‘पुस्तक’ संस्कृतात नपुंसकलिंगी, हिंदीत स्त्रीलिंगी.

मराठीत ‘ते दही’ कसं राहिलं?

मराठीने तिन्ही लिंगं सांभाळली म्हणून. गुजराती आणि कोकणीनेही सांभाळली. ते दही, ते लोणी, ते पाणी, ही नपुंसकलिंगं आपल्याकडे जशीच्या तशी उतरली आहेत. म्हणून संस्कृत शिकताना ‘दधि’चं लिंग मराठी मुलाला फुकटात मिळतं आणि हिंदी मुलाला पाठ करावं लागतं. हा फायदा शिक्षक वर्गात फारसा वापरत नाहीत. का, ते कळत नाही.

फायदा सगळीकडे मिळेलच असं मात्र नाही. ‘अस्थि’ हे ‘दधि’च्याच घराण्यातलं नपुंसकलिंगी नाम. पण मराठीत आपण अस्थी ‘गोळा केल्या’ म्हणतो, म्हणजे तिला स्त्रीलिंगी करून टाकलं. हिंदीतही ती स्त्रीलिंगीच आहे.

‘दधि’चं ‘दही’ कसं झालं?

प्राकृतात दोन स्वरांमध्ये आलेल्या ख, घ, थ, ध, भ यांचा ‘ह’ होतो. हेमचंद्राने बाराव्या शतकात आपल्या प्राकृत व्याकरणात यासाठी एक आखूड सूत्रच दिलं आहे : खघथधभाम्. ‘दधि’तला ‘ध’ दोन स्वरांच्या मध्ये सापडला आणि ‘दहि’ झालं. याच वाटेने बधिरचा बहिरा झाला, गोधूमाचा गहू झाला, वधूची हिंदी बहू झाली, मुखाचं हिंदी मुँह झालं. शेवटची ऱ्हस्व इ पुढे दीर्घ झाली आणि आजचं ‘दही’ तयार झालं.

गोव्यात याच्याही पुढची पायरी दिसते. कोकणीत दह्याला ‘धंय’ म्हणतात. तिथे ‘ह’ पुढे सरकून ‘द’ला चिकटला आणि पुन्हा ‘ध’ झाला. आपणही भरभर बोलताना ‘दह्याला’ हे जवळजवळ ‘ध्याला’ असंच म्हणतो. म्हणून लहान मुलं श्रुतलेखनात तिथे अडखळतात.

जुन्या पुस्तकांत ‘दहीं’ असं अनुस्वार देऊन का छापलंय?

ती नपुंसकलिंगाची जुनी खूण. प्राकृतात नपुंसकलिंगी प्रथमेचं एकवचन ‘दहिं’ असं होत असे. तो अनुस्वार दहीं, लोणीं, पाणीं, केळें, तळें या लेखनात टिकून राहिला. उच्चारातून तो केव्हाच गेला होता. 1962 सालच्या लेखननियमांनी असे उच्चारात नसलेले अनुस्वार काढून टाकले. गुजरातीत अजूनही ‘દહીં’ लिहितात, म्हणजे आपल्या लिपीत ‘दहीं’. अहमदाबादला दुकानाची पाटी पाहिलीत तर ते चुकून पडलेलं टिंब समजू नका.

मुळात ‘दधि’ शब्द आला कुठून?

परंपरेने तो ‘धा’ (धारण करणे) या धातूशी जोडला जातो. आधुनिक भाषाशास्त्रात बहुतेक जण तो ‘धे’ (चोखणे, पिणे) या धातूकडे नेतात. धेनु हा शब्दही त्याच धातूचा. प्राचीन प्रशियन भाषेत दुधाला ‘दादान’ म्हणत आणि अल्बेनियन भाषेत चीजला आजही ‘द्याथ’सारखा शब्द आहे. ही दोन्ही ‘दधि’ची दूरची भावंडं मानली जातात. मला दुसरं मत जास्त पटतं, कारण त्यात दुधाचा संबंध अर्थातूनच येतो, ओढूनताणून आणावा लागत नाही.

शब्द जुना आहे याबद्दल मात्र वाद नाही. ऋग्वेदात सोमरसात दही मिसळत आणि अशा सोमाला ‘दध्याशिर’ म्हणत. ‘दूध’शी मात्र याचं नातं नाही. दूध आलं ‘दुग्ध’पासून, म्हणजे ‘दुह्’ (दोहणे) या धातूपासून.

संस्कृतात ‘दधि’ कसं चालवायचं? ‘वारि’सारखं चालवलं तर चालेल का?

अर्धं चालेल, आणि गोची तिथेच होते.

प्रथमा आणि द्वितीयेत काही अडचण नाही : दधि, दधिनी, दधीनि. हे वारि, वारिणी, वारीणि यांसारखंच. खरी मजा तृतीयेपासून सुरू होते. ‘वारि’चं ‘वारिणा’ होतं, म्हणून मुलं बिनधास्त ‘दधिना’ लिहितात. बरोबर रूप आहे ‘दध्ना’. पुढे चतुर्थी दध्ने, पंचमी आणि षष्ठी दध्नः, सप्तमी दध्नि किंवा दधनि. षष्ठीचं अनेकवचन दध्नाम्, द्विवचन दध्नोः.

कारण असं की या शब्दाला दोन अंगं, म्हणजे प्रत्यय लागण्याआधीची दोन रूपं आहेत, ‘दधि’ आणि ‘दधन्’. प्रत्यय स्वराने सुरू होत असेल तर तृतीयेपासून पुढे ‘दधन्’ पुढे येतं. प्रत्यय व्यंजनाने सुरू होत असेल तर ‘दधि’च राहतं : दधिभ्याम्, दधिभिः, दधिभ्यः, दधिषु. ‘दधन् + आ’ मध्ये मधला ‘अ’ गळतो आणि ‘दध्ना’ होतं. सप्तमीच्या एकवचनात तो गळणं ऐच्छिक आहे, म्हणून दध्नि आणि दधनि दोन्ही शुद्ध.

पाणिनीने यासाठी खास सूत्र केलं, 7.1.75 : अस्थिदधिसक्थ्यक्ष्णामनङुदात्तः. म्हणजे संस्कृतात असे शब्द चारच : अस्थि (हाड), दधि, सक्थि (मांडी) आणि अक्षि (डोळा). एक नीट चालवता आला की चारही आले : अस्थ्ना, दध्ना, सक्थ्ना, अक्ष्णा. तीन शरीराचे अवयव आणि एक खाण्याची वस्तू, अशी विजोड चौकडी आहे. पाणिनीच्या आधीच्या भाषेत ‘अन्’ असलेलं अंग याहून मोकळेपणाने वापरात होतं. वैदिक भाषेत तशी रूपं दिसतात हे पाणिनीने पुढच्याच सूत्रात नोंदवलं आहे.

वाक्यात नेहमी होणाऱ्या चुका कोणत्या?

‘अहं दधिम् खादामि’ ही पहिली. नपुंसकलिंगी इ-कारान्ताला द्वितीयेत ‘म्’ लागत नाही. ‘अहं दधि खादामि’ एवढंच. ‘फलम्’ची सवय लागलेली असते, त्याचा हा परिणाम.

दुसरी ‘दधेः स्वादः’. ‘कवेः’ वरून हात तिकडे वळतो. ‘दध्नः स्वादः’ हवं.

समासात मात्र ‘दधि’च राहतं. दधिपात्रम्, दधिभाण्डम्. पूजेत गुरुजी ‘दधिस्नानं समर्पयामि’ म्हणतात ते याच नियमाने.

संधीच्या पुस्तकात सारखं ‘दध्यत्र’ का येतं?

दधि + अत्र = दध्यत्र, ‘दही इथे’. इ-कारापुढे वेगळा स्वर आला की ‘य्’ होतो, हे दाखवायला हे उदाहरण शतकानुशतकं वापरलं जातंय. त्याच्या जोडीला मध्वत्र, ‘मध इथे’. उदाहरणं देणाऱ्यांच्या स्वयंपाकघरात काय काय होतं ते यावरून कळतं. दधि + ओदनः = दध्योदनः, म्हणजे आपला दहीभात. तेलुगूत याच शब्दाचं ‘दद्दोजनम्’ झालं आणि आंध्रातल्या मंदिरांत ते नाव प्रसादाला आजही आहे.

व्याकरणकार आणि शास्त्रकार दह्यावर एवढे का घसरतात?

दही रोज घरात असतं आणि त्याचे नियम सगळ्यांना माहीत असतात, म्हणून असावं. तीन ठिकाणं तरी माहीत असायला हवीत.

पतंजलीच्या महाभाष्यात, म्हणजे पाणिनीच्या व्याकरणावरच्या भाष्यात, एक वाक्य येतं : ब्राह्मणांना दही द्या, कौंडिण्याला ताक. कौंडिण्यही ब्राह्मणच. पहिल्या आज्ञेप्रमाणे त्यालाही दही मिळायला हवं. पण त्याच्यासाठी वेगळी आज्ञा आहे, त्यामुळे ताक मिळालं की दही गेलं. विशेष नियम सामान्य नियमाला मागे सारतो, हे तत्त्व एका पंगतीच्या वाढपात बसवलं आहे. याला ‘तक्रकौण्डिन्यन्याय’ म्हणतात. वर पाहिलेला ‘दध्ना’ही तसाच, इ-कारान्ताच्या सामान्य नियमाला बाजूला सारून आलेला.

दुसरं वाक्य : काकेभ्यो दधि रक्ष्यताम्, कावळ्यांपासून दही राखा. हे ऐकून कोणी मांजराला दही खाऊ देत नाही. ‘कावळा’ म्हटलं तरी दह्यावर तोंड टाकणारे सगळेच त्यात आले. शब्द बोलतो त्याहून जास्त अर्थ कसा घ्यायचा, हे शिकवताना हे उदाहरण येतं. ‘काकेभ्यः’ ही पंचमी आहे हेही लक्षात ठेवा. ज्याच्यापासून राखायचं त्याची पंचमी.

तिसरंही महाभाष्यातलंच : दधित्रपुसं प्रत्यक्षो ज्वरः. दही आणि काकडी म्हणजे साक्षात ताप. दही-काकडीने ताप ‘येतो’ असं न म्हणता तेच ताप ‘आहे’ म्हटलं, म्हणजे कारणालाच कार्याचं नाव दिलं. ज्या महाराष्ट्रात ताटाच्या डाव्या बाजूला काकडीची कोशिंबीर लागते तिथे हे उदाहरण शिकवताना शिक्षकाला जपून राहावं लागतं.

पंचामृतात दह्याचा मंत्र ‘दधिक्राव्णो अकारिषं’ आहे. म्हणजे तो दह्याबद्दल आहे का?

नाही, तो घोड्याबद्दल आहे. दधिक्रावन् हा ऋग्वेदातला दिव्य, विजयी घोडा आणि ही ऋचा चौथ्या मंडलातली. ‘जिष्णोरश्वस्य वाजिनः’ असं पुढे स्पष्टच म्हटलंय. त्याने आमची मुखं सुगंधी करावीत, आयुष्यं वाढवावीत, अशी प्रार्थना आहे. मंत्राच्या सुरुवातीला ‘दधि’ ऐकू येतं म्हणून तो दह्याच्या स्नानाला लावला गेला. घोड्याच्या नावातला तो ‘दधि’ दह्याचाच आहे का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पूजेत अशी ध्वनीवरून जुळवलेली जोडी वावगी मानत नाहीत, आणि पूजा सांगणाऱ्या जाणत्या गुरुजींना हे माहीत असतं.

‘उदधि’ म्हणजे समुद्र. त्यात ‘दधि’ आहे का?

विग्रह चुकीच्या जागी केला की तसं दिसतं. उद (पाणी) + धि (ठेवण्याची जागा) असा तो शब्द आहे. जलधि, पयोधि, वारिधि यांतला ‘धि’ तोच. दह्याचा खरा समुद्र पुराणांतल्या सात समुद्रांत आहे, क्षीरसागराशेजारी, पण त्याला ‘दधिसमुद्र’ म्हणतात.

आणि दधीचि ऋषी?

तिथे आहे. वैदिक रूप ‘दध्यञ्च्’, दधि + अञ्च्. तेच पुढे दधीच, दधीचि असं झालं. म्हणजे नावात तरी दही आहे, आणि हाडांच्या दानामुळे गोष्टीत ‘अस्थि’ही आलं. पाणिनीच्या चौकडीतले दोन एकाच ऋषीकडे निघाले.

मराठीत ‘दह्यात’ की ‘दहीमध्ये’?

दह्यात, दह्याला, दह्याचं, दह्यानं, दह्यामध्ये. ‘दही’चं सामान्यरूप ‘दह्या’ होतं, जसं पाणी–पाण्या, लोणी–लोण्या. रेसिपीच्या व्हिडिओंत हल्ली ‘दहीमध्ये मीठ घालूया’ ऐकू येतं. ही हिंदीची लागण आहे, कारण हिंदीत पुल्लिंगी ई-कारान्ताचं एकवचनी रूप बदलत नाही : दही में, दही का, दही से. ‘पाणीमध्ये’ म्हटलेलं कानाला जेवढं खटकतं तेवढंच ‘दहीमध्ये’ खटकायला हवं.

दहीहंडी की दहिहंडी? दहीवडा की दहिवडा?

दहीहंडी, दहीवडा, दहीभात, दहीकाला. समासात ऱ्हस्व ठेवायचा नियम संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या शब्दांना आहे, उदाहरणार्थ ‘बुद्धिबळ’. ‘दही’ हा तद्भव शब्द, त्यामुळे पाणीपुरवठ्यासारखा दीर्घच. आडनावं आणि गावांची नावं याला अपवाद. ती ज्यांची त्यांनी लिहिली तशीच लिहावीत.

बाकीचं दुभतंही संस्कृतातूनच आलं का?

बहुतेक. ताक हे ‘तक्र’पासून, लोणी हे ‘नवनीत’पासून. तूप मात्र हिंदीच्या ‘घी’सारखं ‘घृत’वरून आलेलं नाही. त्याचा शेजारी कन्नडमधला ‘तुप्प’ आहे. एकाच शिंकाळ्यावर दोन भाषाकुळांची भांडी लटकत आहेत.

दह्याच्या पिशवीवर ‘दही’ छापण्यावरून दक्षिणेत वाद झाला, तो काय होता?

मार्च 2023 मध्ये केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने तमिळनाडू आणि कर्नाटकातल्या सहकारी दूधसंघांना पिशवीवर ‘दही’ हा शब्द ठळक छापून स्थानिक शब्द कंसात द्यायला सांगितलं. तमिळमध्ये दह्याला ‘तयिर’ म्हणतात, कन्नडमध्ये ‘मोसरु’. दोन्ही त्या भाषांचे स्वतःचे शब्द, ‘दधि’शी नातं नसलेले. तमिळनाडूचे तेव्हाचे मुख्यमंत्री एम. के. स्टॅलिन यांनी ही हिंदीची सक्ती असल्याची टीका केली आणि 30 मार्चला प्राधिकरणाने आदेश बदलला. आता इंग्रजी ‘कर्ड’सोबत कंसात दही, मोसरु, तयिर, तेलुगूतलं पेरुगु यांपैकी स्थानिक शब्द चालतो. माझ्या मते हा बदल योग्यच होता. शब्दाचा वंश कितीही जुना असला, तरी मदुराईच्या गिऱ्हाइकाला त्यावरून पिशवीत काय आहे ते कळत नाही.

‘दही’चं अनेकवचन काय?

मराठीत वापरात नाही. पदार्थवाचक नाम आहे, वाट्या मोजायच्या. हिंदीत विभक्तीपुढे ‘दहियों’ करता येतं, क्वचितच कोणी करतं. संस्कृतात ‘दधीनि’ आहे. परीक्षेत विचारतात, तेव्हा लिहा.